वैद्यबाईंचा बाक

वैद्यबाईंनी गुडघा दाबला, तसे घड्याळजी "आई गं!" म्हणून कळवळले. पण जरा उशिराच. जन्मभर लोकांची घड्याळं लावून दिलेल्या माणसाची वेळ चुकावी? त्यात वैद्यबाईंनी दाबला होता उजवा गुडघा, आणि दुखणं होतं डाव्याचं.

वैद्यबाई नुसत्या बघत राहिल्या. घड्याळजींचे कान लाल झाले.

वैद्यबाईंच्या औषधापायी घड्याळजींच्या मुलीने कपाळावर हात मारून घेतला होता. "बाबा, मोठ्या दवाखान्यात नंबर लावून देते. पाच मिनिटांत सुटका होईल."

"मला सुटका कुठे हवीय?" घड्याळजी बोलून गेले होते. मग सावरून म्हणाले होते, "वैद्यबाईंच्या तेलाने गुण येतो गं." गुण आला होता हेही खरंच. तरी दर गुरुवारी ते इस्त्रीचा सदरा घालून निघत. गुडघ्याला तेल लावून घ्यायला इस्त्री कशाला लागते, हे मुलीने कधी विचारलं नाही.

त्या काळी वैद्यबाईंच्या दारात आजारी माणूससुद्धा रिकामा बसत नसे. बाकावर टेकलं की मांडीवर परात यायची. परातीत औषधाचा वाळलेला पाला. आपली पाळी येईपर्यंत त्यातल्या काड्या निवडायच्या. एका परातीला दोन माणसं, हा तिथला नियम.

घड्याळजींच्या परातीला पलीकडून ग्रंथपाल बाई असत. त्यांचा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. नोकरीभर लोकांना गप्प बसवून झाल्यावर आता बाईंना बोलण्याची भूक लागली होती. घड्याळजी एक काडी काढत, तोवर त्या एक गोष्ट काढत. बायको गेल्यापासून घड्याळजींच्या घरात बोलायचं काम भिंतीवरची घड्याळंच करत होती. त्यांना ही परात रिकामी होऊच नये असं वाटे. मूठभर काड्या ते हळूच पाल्यात परत मिसळून टाकत.

"घड्याळजी," वैद्यबाई अखेर म्हणाल्या, अख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात. तिथे कुणाचंच दुखणं खासगी नसे. "तेल बंद. पुढच्या गुरुवारी यायचं नाही. तुम्ही ठणठणीत बरे आहात."

"चालताना अजून थोडं लचकतं हो."

"कुठला पाय म्हणायचा?" बाकाच्या टोकाचा सुतार ओरडला. अख्खा बाक खदखदून हसला.

घड्याळजीही हसले. चपला शोधायला खाली वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मग आता गुरुवारी काय करणार?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"काय करणार! बरा होऊन घरी बसणार."

बाईंनी परात सुताराच्या मांडीवर सरकवली. उठल्या. औषधांच्या कपाटापाशी गेल्या, अगदी वरच्या फळीपर्यंत सरळ हात नेला आणि आपल्या खांद्याच्या तेलाची बाटली काढून वैद्यबाईंसमोर ठेवली.

"माझंही तेल बंद करा. चला हो घड्याळजी, समोर चहा बरा मिळतो. गुरुवारी आपण तिथेच बसत जाऊ."

घड्याळजींचा एक पाय चपलेत, एक बाहेर. सुताराच्या हातातला पाला हातातच राहिला.

वैद्यबाई त्या वरच्या फळीकडे बघतच राहिल्या. "अहो बाई, पण तुमचा हात वर कधीपासून जायला लागला?"

ग्रंथपाल बाई दारापाशी थांबल्या. ग्रंथालयात बोलावं तशा खालच्या आवाजात म्हणाल्या,

"यांचा गुडघा बरा झाला ना, त्याच्या कितीतरी आधीपासून!"