चार इंच जास्त

नव्या घरात अकरा खिडक्या होत्या, सात दारं, विजेचे नऊ दिवे आणि कुणालाच वाजवता न येणारा एक पियानो. पलंग तीन होते. मंगळवारपासून त्यातला लहान पलंग रिकामा होता. दाराशी बोर्गहिल्डची भरलेली बॅग होती. उद्या नऊला दफन, अकराला तिची गाडी.

बोर्गहिल्ड आणि अस्लाकचा सहा वर्षांचा मुलगा एन्द्रे मागच्या थंड खोलीत पांढऱ्या चादरीखाली होता. घटसर्पाने त्याला चार दिवसांत नेलं.

नदीच्या खालच्या वस्तीत घटसर्प आला तो ऑक्टोबरात. तेव्हाच बोर्गहिल्डने पोराला आपल्या बहिणीच्या शेतावर पाठवायचं म्हटलं होतं. पण अस्लाक नुकताच लाकडाच्या गिरणीचा मुकादम झाला होता, नव्या घराला रंग लागत होता. नाताळानंतर बघू, असं तो म्हणाला. मंगळवारपासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. आज सकाळी तिने त्याच्या हातात फक्त पोराच्या मापाची एक दोरी दिली. उशीची जागा धरून तिनेच त्या दोरीला गाठ मारली होती.

गावात कुणी गेलं की शवपेटी गिरणीचा सुतार निल्स करायचा. अस्लाकने त्याला नको म्हटलं. एकही गाठ नसलेल्या पाइनच्या फळ्या त्याने स्वतः निवडल्या आणि घरामागच्या छपरात एकटाच कापत बसला.

एकोणीस वर्षं त्याने ओंडके कापले होते. सांगितलेल्या मापापेक्षा ओंडका चार इंच जास्त कापायचा, हा जंगलातला नियम. नदीतून वाहत येताना टोकं फुटतात, त्यांत खडे रुततात. ते चार इंच मोजणारा धरत नाही. अस्लाकच्या हातात हे इतकं मुरलं होतं, की त्याच्या थापाही चार इंच जास्त असतात, असं गिरणीतले लोक म्हणत. एकदा जेवताना एन्द्रेने विचारलं होतं, ते चार इंच कुणाचे, कंपनीचे की नदीचे? बोर्गहिल्ड पोराच्या विजारीला दुमड घालत होती. मान वर न करता ती म्हणाली होती, "ओंडक्यांचं मला ठाऊक नाही. तुझ्या विजारीतले माझे." ती त्याचे सगळेच कपडे वाढत्या अंगाचे शिवायची.

संध्याकाळी निल्स पेटी उचलू लागायला आला. उचलण्याआधी त्याने सवयीने दोरी आत धरून पाहिली, मग पट्टी लावली. दोरी तीन फूट अकरा इंच होती. पेटी आतून चार फूट तीन.

अस्लाकने पट्टी घेऊन पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

यात काही नाही, हाताची सवय, निल्स हळूच म्हणाला. पायाकडची फळी काढू, बाजू कापू, तासाभराचं काम. अस्लाकने खुणेची रेघ मारली आणि करवत उचलली. ती रेघेवर टेकवून तो नुसताच उभा राहिला. तीन रात्री तो झोपला नव्हता. करवत पुढेही जाईना, मागेही येईना.

बोर्गहिल्ड छपराच्या दारात आली होती. केव्हा आली, ते दोघांनाही कळलं नाही. तिने पेटी पाहिली, दोरी पाहिली, रेघ पाहिली.

"राहू दे, अस्लाक," ती म्हणाली. "वाढतं अंग आहे त्याचं."

निल्सने टोपी काढली. अस्लाकने करवत खाली ठेवली.

ती घरात गेली आणि तिने दाराशी ठेवलेली बॅग उघडली. सगळ्यात वर राखाडी लोकरीचा एक छोटा कोट होता. पुढच्या हिवाळ्यासाठी शिवलेला, अजून गुंड्या न लावलेला.

पेटी थंड खोलीत आणल्यावर तिने आणि अस्लाकने मिळून एन्द्रेला तीत ठेवलं. पायाशी चार इंच जागा होती. तिने कोटाची घडी तिथे बसवली. जागा उरली नाही.