शेजारच्या खुर्चीतला साक्षीदार

“इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या शेजारी बसून ट्रम्पेट वाजवलंत. ते आधी कसं वाजवायचे?” वकीलबाईंनी विचारलं.

धाकटा साडू खुर्चीत सावरून बसला. पलीकडे थोरला साडू हातात चहाचा कप घेऊन खिडकीबाहेर बघत होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघं एकाच बँडमध्ये, आणि पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य वादकाची जागा, कायम थोरल्याची. दाताच्या डॉक्टरनं एक्स-रे न काढताच त्याची अक्कलदाढ उपटली, खालची नस दुखावली, अर्धा ओठ कायमचा बधिर झाला. तेव्हापासून पहिली खुर्ची धाकट्याची.

मिळाली एकदाची! पण सुख कुठलं? घरी बायको अजून म्हणायची, “भाऊजी वाजवायचे तेव्हा अंगावर काटा यायचा हो.” तो माणूस आता मागच्या रांगेत बसून इतरांची नोटेशनची पानं लावून द्यायचा, आणि तरीही पुढेच होता. धाकट्याचा नुसता जळफळाट व्हायचा.

“डॉक्टरची चूक आपण सिद्ध करू,” वकीलबाई म्हणाल्या. “पण त्यांचा वकील म्हणतो, हे गृहस्थ आधीही यथातथाच वाजवायचे, मग नुकसान कसलं? भरपाई मिळायची तर काय गेलं ते कुणीतरी सांगायला हवं.”

“बरं वाजवायचे,” धाकटा म्हणाला. “म्हणजे... चारचौघांसारखं.”

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. थोरल्यानं चहाचा घोट घेतला. त्यातला थोडा ओठाच्या कोपऱ्यातून निसटला आणि हनुवटीवरून शर्टावर ओघळला. त्याला ते कळलंच नाही.

धाकट्याला तो ओठ पाठ होता. इतकी वर्षं डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यानं दुसरं पाहिलं काय होतं!

“खोडा ते,” तो एकदम म्हणाला. “मी जळायचो यांच्यावर. प्रत्येक कार्यक्रमाआधी वाटायचं, आज यांना ताप यावा. यांचा शेवटचा लांब सूर ऐकला की घरी जाऊन मी ट्रम्पेटची पेटी उघडत नसे, बायकोवर उगाच खेकसायचो. चारचौघांसारखं वाजवणाऱ्याचं कुणी इतकं वाईट चिंततं का, बाई?”

“हे असंच लिहू?”

“असंच. सगळ्या बँडसमोर वाचलं तरी चालेल.”

थोरला अजून खिडकीबाहेरच बघत होता. बाहेर पडल्यावर जिन्यात धाकट्यानं रुमाल पुढे केला. “दादा, शर्ट.”

थोरल्यानं हनुवटी पुसली. रुमालाची नीट घडी घातली. “परवा तुझं ऐकलं,” तो म्हणाला. “शेवटचा सूर घाईत सोडतोस. दम आहे तुझ्यात. धरून ठेव जरा.”

“तुम्ही मला शिकवू नका,” धाकटा फणकारला, आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

घरी पोचल्यावर त्यानं बूटही काढले नाहीत. पेटी उघडली, ट्रम्पेट ओठाला लावलं आणि तो सूर धरला. छाती फुटायची वेळ आली, तरी सोडला नाही.

आतून बायको हात पुसत लगबगीनं बाहेर आली. त्याला बघून दारातच थबकली.

“अगं बाई, तुम्ही होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, भाऊजी.”