अकरा डावे

“हे तर सगळे डावेच!” सोसायटीचे चेअरमन महारुद्रअण्णांनी गोणपाटावर मांडलेले हातमोजे चपलेच्या टोकानं चाळवले. हात लावायची त्यांना गरज वाटली नाही. टोपी कडक, धोतर पांढरंफेक. येडशीच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर सगळ्या दुनियेवर फुफाटा बसला होता, अण्णांना सोडून.

मोजे विणणारी अयोध्या समोरच उभी होती. दोन वेण्या वर बांधलेल्या, हातात सायकलच्या तारा घासून केलेल्या सुया.

“कितवीला हाईस गं?”

“नववीत.”

“नववीपर्यंत जोड म्हंजे किती ते शिकवत न्हाईत व्हय?”

जीपचा ड्रायव्हर लगेच हसला. त्याला पगार हसण्याचाच असावा.

खडी फोडणाऱ्या अकरा बायांचे हातोडे थांबले. अयोध्याची आई, मालनबाई, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळून बसली होती. दोन बोटं भेंडीसारखी सुजली होती. दगड धरवला नाही तर मुकादम उद्या तिला घरी बसवणार होता. तसं त्यानं सकाळी सांगितलंच होतं.

“अण्णा, दगड डाव्या हातानं धरत्यात,” अयोध्या म्हणाली. “कपच्या उडत्यात त्या डाव्या हातावर. उजव्यात हातोडा असतोय. त्यात मोजा घातला की दांडा निसटतोय. तुमी मागच्या महिन्यात सोलापूरहून आणलेले जोड बघा की. डावे चार दिवसांत चिंध्या झाले. अकराच्या अकरा उजवे पोत्यात कोरे पडल्यात.”

“आन् हे तुझे टिकत्यात?”

“बघा ना. तळव्याला अंबाडीची बारीक सुतळी बाहेरून, मऊ सूत आतून, दोन्ही संगं घट्ट विणलंय. कपची अडती, आतनं टोचत न्हाय. वरच्या अंगाला नुसती जाळी. वारा लागतोय, घाम येत न्हाय.”

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. शाळेत बाळाची टोपडी विणायला शिकवली होती, बाकीचं तिनं आईच्या हाताकडं बघून शोधून काढलं होतं. अण्णांनी जांभई दिली.

“सूत कुणाचं?”

“सोसायटीचं.”

“मग उसवा. निम्म्या सुताचे उजवे करा. परवा मोठे साहेब बघायला येणार. त्यांना जोड दिसला पायजे. डाव्या-डाव्याचा फोटो काढतंय का कुणी?” आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी मोजा हातात घेतला. मनगटाशी धाग्याचं टोक सापडलं, ते ओढलं. दोन ओळी सरसर उसवल्या.

मालनबाईनं तोंड फिरवलं.

“पण अण्णा, उजवे घालणार कोण?” अयोध्यानं विचारलं.

अण्णांना एकदम सुचलं. सुचलेलं चेहऱ्यावर दिसतं अशा माणसांपैकी ते होते. “हात बदलत जा की! डावा दमला की उजव्यानं धरा दगड, डाव्यानं हातोडा मारा. दोन्ही मोजे लागतील. डोकं वापरावं जरा.”

मग म्हातारी भिमाबाई पदर सावरत उठली. आपला हातोडा तिनं दोन्ही हातांनी, पूजेचं ताट द्यावं तसा, अण्णांपुढं धरला.

“आमाला अडाण्यास्नी कळंना झालंय. तुमी दाखवा की एकदा.”

“त्यात काय दाखवायचं?”

“व्हय की. म्हणूनच म्हनते.”

ड्रायव्हर बघत होता. अकरा बाया बघत होत्या. माघार घ्यायला अण्णांना जागा उरली नाही. ते धोतर आवरून खाली टेकले. उजव्या हातानं दगड धरला, डाव्या हातात हातोडा घेतला.

“अण्णा, मोजा घाला,” अयोध्या म्हणाली.

“एका दगडाला मोजा?”

पहिला घाव मातीत बसला. दुसरा दगडाला चाटून गेला. तिसरा बरोबर बसला, पण दगडावर नव्हे. अण्णा जे ओरडले ते कुठल्याही सोसायटीच्या चेअरमनला शोभण्यासारखं नव्हतं. उजव्या अंगठ्याचं नख फुटलं होतं आणि रक्त थेट पांढऱ्या धोतरावर ठिबकत होतं.

मालनबाई उठली. पोत्यात हात घालून तिनं एक उजवा मोजा काढला. सोलापूरचा, पांढरा, कोरा, दुकानातल्या घडीसकट. झटकून तिनं तो पुढं केला.

“घाला. धूळ जायची जखमेत.”

अण्णांनी मुकाट्यानं हात आत घातला. अगदी मापात बसला. बघता बघता अंगठा लाल झाला.

“अण्णा, बाकीचे उसवायचे का मग?” अयोध्यानं अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं.

“राहू द्या,” जीपकडं चालता चालता, मागं न बघता ते म्हणाले.

उसवलेल्या मोज्याचे टाके अयोध्यानं पुन्हा सुईवर उचलून घेतले. मालनबाईनं चिंध्या सोडल्या, ढिगातला एक डावा मोजा सुजल्या बोटांवर हळूच चढवला आणि दगड धरला. जीप धूळ उडवत निघाली. खिडकीतून कोपरापासून वर उभा धरलेला, लाल अंगठ्याचा पांढरा हात लांबपर्यंत दिसत राहिला.

“उजव्यातला एक तर खपला,” पोत्याचं तोंड बांधत भिमाबाई म्हणाली. “अजून धा चेअरमन पायजेत.”