काटेबाईंचा चार्ज

अक्षर न् अक्षर खरं सांगते. एक शब्द खोटा निघाला तर ही माझी कवळी इथल्या इथे गळून पडो, आणि मला नवी करून देऊ नका.

तर काटेबाई साहेबांच्या खोलीत उभ्या होत्या आणि साहेब काही त्यांना बसा म्हणत नव्हते.

सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायचं त्यांचं काम. सव्वीस वर्षं झाली होती. वजनकाट्यापुढे बसल्या की केसाएवढ्या फरकासाठी अख्ख्या खात्याला ताटकळत ठेवायच्या, म्हणून सगळे काटेबाई म्हणायचे. आठवण अशी की कुठली बाटली कुठल्या साली फुटली आणि फोडून कोण पळालं, तेही पाठ.

टेबलावर त्यांचाच अहवाल पडला होता. कारखान्याखालच्या वस्तीतलं पाणी. शिसं मर्यादेच्या नऊ पट. आणि कारखाना सरकारचाच.

"नऊ खोडा, अर्धा लिहा आणि सही करा," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी ही खुर्ची रिकामी होतेय. तुमचंच नाव पुढे करतो."

"ते पाणी लहान पोरं पितात हो, साहेब."

"मोठी झाली की विचारतील. तोवर आपण दोघंही रिटायर."

घरी नवरा शाळेत चित्रकला शिकवणारा. पगार रंगाच्या डबीत मावेल एवढा. मुलगी डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला. "सही मुळीच करू नकोस," नवरा ताडकन म्हणाला. मग बराच वेळ भांडी पुसत राहिला. एकच ताट तीनदा पुसलं. "पण पेन्शन तरी देतील ना गं?"

दुसऱ्या दिवशी बाटल्या धुणाऱ्या मावशींनी वाटेत गाठलं. त्या त्याच वस्तीत राहायच्या. "आमच्या हापशाचं काय आलं, बाई?"

"निघू दे अहवाल," काटेबाई म्हणाल्या. अहवालावर सही झाल्याशिवाय निकाल तोंडातून काढायचा नाही, असा नियम. काटेबाईंनी नियम कधी मोडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "खोट्यावर मी सही करणार नाही. मला मोकळं करा. पेन्शनसकट."

"चार्ज नीट देऊन जा," साहेब म्हणाले. "कपाटासकट. आणि आतलं बाहेर काही बोलायचं नाही."

चार्ज द्यायला काटेबाईंना दोन दिवस लागले. एकशे बारा वस्तूंची यादी केली. दोन वजनकाटे, टवका उडालेलं थर्मामीटर, एवढंच काय, अर्धं खोडरबरसुद्धा. दोनदा ताडून बघितली. राहिली ती एकच फाइल, खालच्या खणातली. आदल्या वर्षी महिनाभर ट्रेनिंगला जायचं होतं, तेव्हा काम अडू नये म्हणून अहवालाच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवल्या होत्या. सगळेच अधिकारी ठेवायचे. त्यातले चार उरले होते. गडबडीत बिचाऱ्या नेमक्या तेवढेच विसरल्या.

साहेबांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. एकही वस्तू न मोजता चावी खिशात टाकली. पेन्शनचा कागद त्याच दिवशी पुढे सरकला. सरकारी कागद असा पळताना कुणी बघितला नव्हता!

निरोपाला टाळ्याच टाळ्या. कुठल्या अहवालावरून ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण बाईंनी तत्त्वापायी नोकरीवर पाणी सोडलं म्हणून मावशी ढसाढसा रडल्या. मुलगी भेटेल त्याला सांगत सुटली, "माझ्या आईनं खोट्यावर सही केली नाही."

दोन वर्षांनी मावशी दारात उभ्या. कडेवर चार वर्षांची नात. पोटात कळा, अंगात झटके, आणि येत होते ते शब्दही विसरत चाललेली.

मावशींनी घडी घातलेला कागद पुढे केला. हापशाजवळच्या पाटीवरून सोडवून आणलेला. शिसं: मर्यादेच्या आत. खाली काटेबाईंची सही, त्यांच्याच शाईतली. तारीख नोकरीच्या शेवटच्या दिवसाची.

"तुमची सही बघून प्यायलो, बाई," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची असती तर दहांदा विचार केला असता."

काटेबाई मटकन खाली बसल्या. "ते फॉर्म..." त्या रडू लागल्या. "कपाटातच राहिले हो. विसरले मी, मावशी. विसरलेच."

मावशींनी आपल्याच पदरानं त्यांचे डोळे पुसले. "असू दे, बाई. माणूस आहे, विसरायचंच."

तर अशी ही गोष्ट. सगळी खरी... थांबा, थांबा, कवळी हलायला लागली. बरं, सांगते! एवढी एकच गोष्ट मी माझ्या पदरची घातली: काटेबाई ते फॉर्म विसरल्या, ही.