गेणू नावाचा आजारी

“लिव, भाऊ. बरी हाय मी,” म्हणता म्हणता फुलाबाईला खोकल्याची अशी उबळ आली, की डोक्यावरची मोळी घसरली. चपलेचा अंगठा तीनदा नीट करत चढ चढून आलेल्या निवृत्तीने आरोग्य पाहणीच्या फॉर्मवर लिहिलं: आजारी नाही. हरसूलकडच्या डोंगरातलं ते दोनशेवं घर. गेल्या महिन्यात कोणी आजारी होतं का? दोनशे घरांत मिळून नऊ जण.

तिकडे नाशिक शहरातल्या इंदिरानगरात दोनशे घरांत एकशे चाळीस! तिथे पाहणी करणाऱ्या उज्ज्वलाताईंना दोन पुरवण्या जोडाव्या लागल्या, त्यातली एक नुसत्या शिंकांची.

सत्त्याण्णव साल ते. कचेरीत फोन एकच, त्याच्या डायललाही कुलूप. फिरत्या दवाखान्याची गाडीही एकच मंजूर झालेली. जिथे आजारी जास्त, तिथे ती जाणार. साहेबांनी दोन आकडे शेजारी मांडले. “गाडी इंदिरानगरला.”

“साहेब, दोन्हीकडची मापं वेगळी आहेत,” निवृत्ती म्हणाला. “एकच माणूस दोन्हीकडे दाखवून बघू.”

माणूस त्यानेच रचला. थापांत त्याचा हात धरणारा नाशकात कोणी नव्हता. देवळालीच्या तोफेचा गोळा आपण सायकलच्या कॅरिअरवर झेलला, असं तो आजही नातवंडांना शपथेवर सांगतो. तर माणसाचं नाव गेणू. चढाला धाप लागते, छाती भरून येते, मग काहीतरी निमित्त काढून थांबतो. सांगा, हा आजारी का?

“अहो, आधी ॲडमिट करा त्याला!” सगळं इंदिरानगर म्हणालं.

फुलाबाईने निवृत्तीकडे निरखून पाहिलं. “चढतो ना आपल्या पायानं? मंग धडधाकट हाय.” पाड्यावर सगळ्यांनी तेच सांगितलं.

साहेबांनी दोन्ही आकडे खोडले. गाडी हरसूलला आली आणि बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी उभी राहिली. आजारी कोणी नव्हतंच ना! आज रजिस्टर कोरं राहिलं तर गाडी परत, असा साहेबांचा हुकूम होता. सुक्या मासळीचा तो वास निवृत्तीच्या नाकात अजून आहे. त्या वासातून तो हाका मारत फिरला. शेवटी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पाट्यांपाशी फुलाबाई सापडली.

“मावशी, शहरवाल्यांनी गेणूला ॲडमिट करायला सांगितलं. तुझा खोकला तर त्याच्याहून वाईट! चल, दाखव.”

“मंग त्या गेणूला का नाय दावलं?”

“तो... गावाला गेलाय.”

फुलाबाईने पदर खोचला, त्याचं मनगट धरलं आणि भर बाजारातून त्याला ओढत गाडीपाशी आणलं. मागोमाग पाडा हसत आला. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. “नाव?”

“गेणू लिवा,” फुलाबाई म्हणाली. “माझ्या चढावर तीन डाव चप्पल नीट केली यानं. आधी ह्याला तपासा, मंग आमी बसतो.”