दोन समाज

दरसालसारखी सटवाची मेंढरं खतासाठी मोहनरावांच्या रानात बसली होती आणि दोघं ओसरीवर चहा घेत टीव्ही बघत होते. एवढ्यात बातम्यांत त्यांच्याच गावाचं नाव आलं. दोन समाजांत तणाव!

"मालक, कवा झालं हे?" सटवा चक्रावला.

"काय म्हाईत बे. मी तर सकाळपासून हितंच हाय."

"आन् दोन समाज कोणते?"

"एक तू, एक मी. आनखी हाय कोण हितं?"

दोघं पोट धरून हसले. बातमी मात्र पुन्हा पुन्हा लागत राहिली, तसं हसू विरत गेलं.

उठताना सटवानं, आजवर कधी नाही ते, आपला कप स्वतः विसळून पालथा घातला. मोहनराव थकल्या डोळ्यांनी बघत राहिले. "राहू दे बे," एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्यानं ते म्हणवलं नाही.