पंख्याखालचा बाक

"शेजारच्या हॉलमधलं छत खाली येणार आहे, आणि हे तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे," गवंडी म्हणाला. "तरी त्या अकरा जणींना तुम्ही तिथंच बसवून ठेवलंय."

साहेबांनी फायलीने वारा घेणं थांबवलं नाही. इमारत खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस असलं बोलणं डासासारखं हाकलतो.

"आवाज खाली. बाकावर बस आणि नीट बोल."

बाक खोलीच्या मधोमध होता, पंख्याखाली. साहेबांचं टेबल मात्र कोपऱ्यात, जाड तुळईखाली, जिथे वाऱ्याची झुळूकही पोचत नव्हती. टेबलावरच्या घंटीची वायर अर्धी खोली ओलांडून आली होती, फरशीवर चिकटपट्टीने चिकटवलेली. "साहेब स्वतः घामाघूम होतात, पण लोकांना पंखा देतात," असं म्हातारा शिपाई येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. साहेब तेव्हा मान खाली घालायचे. फुकटातला मोठेपणा कुणाला नको असतो?

गवंडी बसला नाही. त्याला सगळे टकटक म्हणत. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसत नसे. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हा चहाच्या आधी त्याने सासऱ्यांच्या भिंती ठोकून पाहिल्या होत्या.

भिंतीपलीकडे शिवणयंत्रं घरघरत होती. खात्याचे पडदे आणि चादरी त्या अकरा जणी तिथे शिवत. तो हॉल आणि ही खोली, दोन्हींवर एकच स्लॅब, आणि स्लॅबवर वर्षानुवर्षं गळणारी टाकी. तिसऱ्या यंत्रावर टकटकची थोरली बहीण बसायची. काल तिच्या यंत्रावर वरून तुकडा पडला. सुई मोडली. तिने कापड झटकलं, दुसरी सुई लावली आणि संध्याकाळी तुकडा भावापुढे ठेवला. "बघ रे, तुझ्या हातचं आहे का?"

तोच तुकडा त्याने आता साहेबांच्या टेबलावर ठेवला. काँक्रीटची खपली, आणि तिला चिकटलेला गंज, भिजलेल्या वहीसारखा पदर पदर सुटलेला.

साहेबांनी काचेवर सांडलेली तांबडी पूड फुंकून उडवली. "गिलावा निघालाय. सोमवारी वरचे साहेब पाहणीला येताहेत. तोवर लिंपून रंग मार. मी अहवालात लिहिलंय, वरवरचं नुकसान, सांगाडा सुस्थितीत."

"गिलावा माझा आहे, साहेब. माझा माल मी ओळखतो. हे त्याच्या आतलं आहे."

"तू इंजिनियर आहेस?"

"नाही. म्हणून तर सरळ बोलता येतं. लोखंड गंजलं की फुगतं. आत सळई फुगते, काँक्रीटला सरकायला जागा नसते, ते फुटतं. त्या फटीतून आणखी पाणी, आणखी गंज. वरून मी लिंपायचं म्हणजे सुजलेल्या गालाला पावडर लावायची. दोन वर्षं लावली. तुम्ही सांगितलंत, मी लावली. माझी लाज काढायची असेल तर नंतर काढा. आज सकाळी हॉलचं सगळं छत ठोकलंय. टणक आवाज येतो तो फक्त तुळयांपाशी. मध्ये सगळं बद्द."

"येतो ना कुठेतरी टणक? मग झालं तर." साहेब हसले. "हॉल बंद केला की वरून विचारणा होते, दोन वर्षं काय झोपा काढत होतात? सही माझी आहे, काळजीही माझी. तू तापलायस. बस, वारा लागू दे."

टकटकने पंख्याकडे पाहिलं. मग खाली, बाकाकडे. बाकावर वाळूसारखी बारीक भुरभुर पडली होती. बाकाभोवतीच्या काळवंडलेल्या फरशीवर मुठीएवढे चार चौकोन स्वच्छ राहिले होते. एका टेबलाच्या चार पायांइतकं अंतर होतं त्यांच्यात. घंटीच्या वायरीचा जुना तुकडा त्यांच्या शेजारीच फरशीतून वर आला होता, तोडलेला.

त्याने पंख्याचं बटण बंद केलं, हातोडी काढली आणि तो बाकावर चढला.

"चढू नकोस तिथे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची मागे, पार भिंतीपर्यंत रेटली.

टकटकने छत ठोकलं. बद्द. हातभर पुढे ठोकलं. बद्द. शिपाई दारात जाऊन उभा राहिला. टकटक खाली उतरला, कोपऱ्यात गेला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यावर चढला आणि त्याने साहेबांच्या डोक्यावरची तुळई ठोकली. टण्ण.

पलीकडे यंत्रं चालूच होती.

"साहेब, बाहेरून चौघं जण बोलावतो," तो म्हणाला. "हे टेबल होतं तिथे ठेवू, पंख्याखाली. सोमवारपर्यंत तुम्ही तिथे बसून कामं करा. मी आत्ता, या मिनिटाला लिंपायला घेतो."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. फाईल छातीशी धरली.

"बोला ना, साहेब. टेबल उचलायला चौघांना आत बोलवू, की त्या अकरा जणींना बाहेर बोलवू?"